दुपारची रात्र

झोप येत नाही असं कुणाजवळ एकदा बोलून बघा, समोरचा माणूस तिथल्या तिथे वैद्य होतो. मला आमच्या भोपाळच्या सोनागिरी कॉलनीतल्या बायकांनी जायफळ उगाळून दिलं, खसखशीची खीर करून आणली, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायला सांगितलं. एकीने उशीखाली सुरी ठेवायला सांगितली. ती मानेला लागेल या धास्तीने मी आणखीच टक्क जागी राहिले. यातलं वाईट काहीच नव्हतं. खसखशीची खीर तर उत्तम होती. फक्त झोप आली नाही.

आता येते, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांची झोप अशीच रुसून बसली असेल त्यांच्यासाठी हे आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी थोडं जास्तच. कारण माझं दुखणं घरच्यांच्या मायेने वाढलं होतं. हे कळायला आम्हाला एका परक्या मुलीसमोर जाऊन बसावं लागलं.

गल्लीची रीत

माझं माहेर उज्जैनचं. लग्न झालं आणि मी थेट भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले. यजमानांचं नाव दिनकर, पण मी लिहितानाही 'हे'च म्हणणार, आता या वयात सवय कुठे मोडणार. हे मशीन शॉपमध्ये होते आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली, दुसरी, मग रात पाळी, आणि पुन्हा पहिली.

रात पाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, आणि सकाळीच तर सगळं जग ओरडत असतं. म्हणून आमच्या गल्लीत एक रीत होती. ज्या घरचा माणूस रात पाळीहून येऊन झोपला असेल, त्या घरची बाई फाटकाच्या कडीला एक फडकं बांधायची. ते दिसलं की सब्जीवाला हाक न मारता पुढे जायचा आणि मुलं आपलं क्रिकेट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. घरात खिडकीवर जाड ब्लँकेट टांगायचं, बेलची तार काढून ठेवायची, कुकर लावायचा नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. झोपलेल्या माणसाला उठवणं यासारखं पाप आमच्या क्वार्टरमध्ये दुसरं नव्हतं. यांच्या मावसभावाला मुलगा झाल्याचा फोन सकाळी आला, तेव्हाही मी ही आनंदाची बातमी संध्याकाळपर्यंत पोटात ठेवली होती.

आमची एकुलती एक मुलगी ऋचा याच घरात वाढली. ती पहिला शब्द कुजबुजत बोलली असं मी सगळ्यांना सांगते. कुणी खोटं मानत नाही.

माझ्या झोपेची गोष्ट कुणी विचारलीच नाही, मीही नाही. पहिल्या पाळीसाठी पहाटे डबा, दुसरी पाळी संपवून हे यायचे तेव्हा गरम पोळी, मधे मुलीची शाळा. जिथे सापडेल तिथे डोळा लावायचा. हे रिटायर झाले, आम्ही सोनागिरीत स्वतःच्या घरात आलो, तेव्हा मला वाटलं, आता घरातली सगळी माणसं एकाच वेळी झोपतील. यांना ते पहिल्याच आठवड्यात जमलं. पाठ टेकली की घोरायला सुरुवात. मी शेजारी पडून ते घोरणं ऐकायची आणि कौतुक करावं की उशी फेकून मारावी, हे मला ठरवता यायचं नाही.

डेंगी

तरी निभत होतं. मग एका वर्षी गणपतीत मला डेंगी झाला. ताप, अंगदुखी, दवाखान्यात सलाईन, रोज सकाळी रक्त. प्लेटलेट्स खाली गेल्या तसे हे इतके घाबरले की देवापुढे बसून यांनी काय काय कबूल केलं ते अजून मला सांगत नाहीत. मी घरी आले ती पार चिपाड होऊन.

जन्मात चहा न केलेल्या माणसाने मग खिचडी शिकून घेतली. पहिल्या दिवशी मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं होतं. मी जेवून दिवसभर झोपायची. झोपेनं ताकद येते, असं यांचं म्हणणं. मग जे मी यांच्यासाठी केलं ते सगळं यांनी माझ्यासाठी केलं. जुनं ब्लँकेट शोधून खिडकीवर ठोकलं, बेलची तार काढली. एकदा पाणी प्यायला उठले आणि दार किलकिलं करून बघते तर फाटकाच्या कडीला फडकं बांधलेलं, आणि हे तिथे उभे राहून भंगारवाल्याला नुसत्या हातवाऱ्यांनी वाटेला लावत होते. मी परत येऊन पडले आणि उशीत तोंड खुपसून रडले. दुःखाने नाही. फार बरं वाटलं म्हणून.

अशक्तपणा गेला, पण दुपारची झोप काही गेली नाही. जेवले की अंधाऱ्या खोलीत पडायचं ते दिवे लागेपर्यंत. रात्री मात्र डोळे सताड उघडे. रात्री मी जागी असायची म्हणून हे दिवसा मला आणखी जपायचे. रात्री मला भीती वाटते म्हणून घरातले सगळे दिवे चालू ठेवून झोपायचे, आणि मी त्या झगझगाटात फोन बघत बसायची. भीती कशाची, ते सांगायला लाज वाटते. आपलं डोकं फिरतं आहे याची. नात्यात एका आत्याबाईंचं तसं झालं होतं, आणि सगळे म्हणत की सुरुवात झोपेपासून झाली.

गोड गोळ्या

ऋचा लग्नानंतर नागपूरला असते. फोनवर माझा आवाज ऐकून तिने ऑनलाइन एक बाटली मागवून पाठवली. मेलाटोनिनच्या स्ट्रॉबेरीच्या चवीच्या, जेलीसारख्या गोळ्या. तिने मला समजावलं की हे झोपेचं औषध नाही, सवय लागत नाही, आपल्या शरीरात आपोआप तयार होतं तेच हे, एकदम नॅचरल.

हा शब्द तिने वापरायला नको होता. आमच्या घरात नॅचरल म्हणजे कितीही खाल्लं तरी चालतं. यांनी बाटलीचा ताबा घेतला आणि कारखान्याच्या हिशेबाने गोळ्या सुरू केल्या. झोपायच्या आधी एक, मग पाळी कुठलीही असो. रात्री एक. झोप लागली नाही तर पहाटे एक. दुपारी पडायच्या आधी आणखी एक, म्हणजे निदान दुपारची झोप तरी नीट होईल. हे तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन प्रसाद द्यावा तसे पलंगाशी उभे राहायचे. नको कसं म्हणणार?

डोकं दिवसभर दगडासारखं जड. चालताना भिंतीला हात लावावा लागायचा. स्वप्नं तर अशी पडायची की विचारू नका. मी कारखान्यात यंत्रावर पोळ्या लाटते आहे आणि कै. सासूबाई सुपरवायझरच्या खुर्चीत बसून त्या मोजताहेत. जिवंतपणी त्या इतक्या कडक नव्हत्या.

दूध

दिवाळी झाल्यावर ऋचा चार दिवस आली. चौथा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं, आणि मी तर बातमी कळल्यापासून जुनी लुगडी काढून त्यांची दुपटी करायला घेतली होती.

हे तिला आणायला स्टेशनवर गेले. मी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्याशेजारच्या खुर्चीत टेकले. पुढचं मला आठवत नाही. ऋचा आत आली तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, पातेलं काळंठिक्कर पडून तडतडत होतं, आणि मी हातभर अंतरावर मान टाकून झोपले होते. सकाळची, चांगली उजेडाची वेळ. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि मला हलवून जागं केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या दिवशीचा स्वयंपाक तिनेच केला. संध्याकाळी माझ्या डोक्याला तेल लावायला बसली, आणि मागूनच, मला तिचं तोंड दिसणार नाही अशी, म्हणाली, "आई, मी बाळंतपण नागपूरलाच करते. सासूबाई आहेत, त्यांना अडचण नाही. तू आराम कर."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. आपलं बाळ आईच्या हातात द्यायची तिला भीती वाटत होती, आणि ती भीती बरोबर होती. आत्याबाईंसारखं वेड लागलं असतं तरी ते मनाला इतकं लागलं नसतं जितकं हे बोलणं लागलं.

पर्चा

ती गेली त्याच दिवशी मी शेजारच्या दुबे भाभींना गाठलं. त्या म्हणाल्या, साकेत नगरजवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नींदवाली ओपीडी असते, आपण उगीच खीर खात बसलो. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. खिडकीवर पर्चा, म्हणजे केसपेपर, बनवला, विचारत विचारत वर गेलो, तर दारावर पाटी मानसिक रोग विभागाची. हे तिथेच थांबले. पर्चा चुकीचा बनला असणार, आपण खाली जाऊन बदलून आणू, असं सुरू झालं. मी यांचा हात धरला आणि आत शिरले. वेड लागलं असेल तर ते दारावर कळो नाही तर दाराच्या आत, काय फरक होता.

त्या रांगेची मला अजून गंमत वाटते. झोप येत नाही म्हणून आलेली सगळी माणसं, आणि निम्मी रांग बाकावर डुलक्या घेत होती. एक गृहस्थ माझ्या खांद्यावर कलंडले. हे रागावून त्यांना उठवणार होते, पण हात पुढे करून मागे घेतला. झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं?

डॉक्टर मॅडम ऋचाच्याच वयाची होती. तिने हिंदीत पुष्कळ विचारलं. बीपीची कुठली गोळी, थायरॉइड तपासलं का, मन उदास असतं का, श्वास अडकतो का. मी उत्तरं देत होते. मग तिने सहज विचारलं की दिवसा झोपता त्या खोलीत उजेड किती असतो. याचं उत्तर यांनी दिलं, आणि काय अभिमानाने दिलं. ब्लँकेट, बेल, कुकर, फडकं, दुपारची गोळी, रात्रीचे दिवे, सगळं. इतके दिवस कुणीतरी हे विचारावं म्हणून थांबल्यासारखे सांगत होते. मॅडमने पेन खाली ठेवलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "अंकलजी, आपने तो इनके लिए दिन में ही रात कर दी."

यांना आधी ते कौतुकच वाटलं.

भोंगा

मग तिने समजावून सांगितलं. मला कळलं तेवढं लिहिते. अंधार पडू लागला की आपल्या डोक्यात हे मेलाटोनिन तयार होतं, आणि डोळ्यांवर उजेड आला की थांबतं. ते माणसाला झोपवत नाही. ते शरीराला फक्त सांगतं की रात्र झाली. बाटलीतली गोळीही तेच सांगते. माझ्या शरीराला दिवसा अंधार आणि वर गोळी मिळत होती, रात्री झगझगाट मिळत होता. त्यातून त्या शरीराला आयुष्यभरात एक वेळ कधी ठाऊकच नव्हती. बिचारं गोंधळलं होतं. वेड वगैरे काही नाही.

हे खुर्चीत पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "मतलब मैडम, ये कारखाने का सायरन है. सायरन आदमी को उठाके काम पे नहीं ले जाता, सिर्फ बताता है कि टाइम हो गया."

डॉक्टर मुलगी खूश झाली. म्हणाली, हे मी आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार. पण यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आणि मी दिवसभर अवेळी भोंगा वाजवत बसलो होतो गं."

गोड गोळ्या बंद झाल्या. रोज सकाळी एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेलेली असो. उठल्यावर उन्हात चालायचं. दिवसा पाठ टेकायची नाही. संध्याकाळनंतर दिवे मंद, फोन दुसऱ्या खोलीत. आणि काही आठवडे गोळी मेलाटोनिनचीच, पण मॅडमने लिहून दिलेली, मात्रा कमी आणि संध्याकाळची वेळ ठरवून दिलेली. किती आणि कधी ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते माझ्यापुरतं होतं. तुम्ही इतर कुठली औषधं घेत असाल, तुमचं घड्याळ वेगळ्या बाजूला सरकलेलं असेल. आपल्या शरीरातलीच वस्तू आहे म्हणून मूठभर खायची नाही, एवढं मात्र सगळ्यांसाठी.

घरी आल्या आल्या यांनी पक्कड घेऊन ब्लँकेटचे खिळे काढले. खोलीत ऊन आलं आणि इतकी धूळ दिसली की मला आधी झाडू घ्यावा लागला.

उठवणं

मला वाटलं होतं, कठीण सगळं मलाच जाणार. तसं गेलंही. पहिले काही आठवडे पूर्वीपेक्षा वाईट होते. रात्री झोप नाही आणि दिवसा परवानगी नाही. डब्याचं झाकण सापडलं नाही म्हणून मी एकदा बसून रडले. पण माझ्याहून कठीण यांना गेलं. दिवसा माझा डोळा लागला तर मला उठवायचं, हे मॅडमने यांच्यावर सोपवलं होतं.

यांना ते जमेना. मी खुर्चीत पेंगले की हे खाकरायचे. रेडिओ मोठा करायचे. स्वयंपाकघरात जाऊन एखादं ताट पाडायचे आणि ताटालाच रागवायचे. माझ्या खांद्याला हात लावून ऊठ म्हणणं काही होईना. एकदा मी मटार सोलता सोलता झोपले आणि जाग आली तर सगळे मटार सोलून झालेले. हे माझ्या मांडीवरून एकेक शेंग अलगद उचलून सोलत बसले होते. त्या रात्री अर्थातच मला झोप आली नाही.

सकाळी मी फार तोडून बोलले. तुम्हाला मी बरी व्हायला नको आहे का, असं विचारलं. हे चहाचा कप हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत तू कुणालाच मला उठवू दिलं नाहीस. माझे वडील गावाहून आले तरी दाराबाहेर बसवून ठेवलेस. आणि मी तुला धक्का मारून उठवू? माझा हातच जात नाही गं."

 मीच मग तोडगा काढला. हे काम मी दुबे भाभींना दिलं. त्यांना असली काही अडचण नव्हती. दुपारी जेवण उरकून त्या स्वेटर विणायला माझ्यासमोर येऊन बसायच्या, आणि माझी मान कलली की सुईने कोपराला टोचायच्या. सकाळी तर फाटकातूनच सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, "उठो भाभी, सूरज निकल आया." मग आम्ही दोघी पार्कात फेऱ्या मारायचो, सुनांची उणीदुणी त्यांची, जावयाचं कौतुक माझं. परतताना कोपऱ्यावर पोहे. भोपाळच्या थंडीतलं ते सकाळचं ऊन पाठीवर घेऊन गरम पोहे खाण्याला औषध म्हणायला मी कितीही दिवस तयार होते.

हळूहळू फरक पडला. एक दिवस सकाळी जाग आली आणि रात्र कशी गेली हे मला आठवेना. मी घाबरून यांना हलवलं. म्हटलं, मला काही आठवत नाही. हे म्हणाले, त्यालाच झोप म्हणतात.

मावठा

आता सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. जानेवारीत मावठा आला. चार दिवस आभाळ गच्च, ऊन नाही, फिरणं नाही. झोप पुन्हा उडाली. मला वाटलं, संपलं, होतं तिथे आलो. ऋचाने तोवर नागपूरच्या बेताबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नव्हता, आणि मी मनातल्या मनात आशा धरून बसले होते. त्या दिवशी मी यांना सांगितलं की तिला फोन करून कळवा, इकडे यायचा विचार असेल तर सोडून दे म्हणावं. आई काही धड होत नाही.

यांनी फोन केला नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या गच्चीवर नेल्या, मोठी छत्री शोधली, चहा केला आणि मला वर बोलावलं. म्हणाले, मॅडमने सांगितलं आहे, ढगाळ उजेडही उजेडच असतो. आम्ही दोघं स्वेटर-मफलर घालून भुरभुर पावसात एका छत्रीखाली चहा पीत बसलो. दुबे भाभी त्यांच्या बाल्कनीतून बघतच राहिल्या. सब ठीक तो है ना, असं त्यांनी विचारलं. यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, इलाज चल रहा है.

मला हसू आलं आणि मग रडू. मी म्हटलं, तिने बाळ माझ्या हातात कसं द्यावं हो, मी दुधाकडे लक्ष ठेवू शकत नाही. यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली. मग म्हणाले, "तू बाळाचं बघू नकोस. ते मी बघतो. तू फक्त झोपायला शीक."

त्या रात्री झोप आली असं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी उठले. ऊन निघालं तेव्हा झोपही परत आली.

ऋचा रोज सकाळी मी पार्कात असण्याच्या वेळीच व्हिडिओ कॉल करायची. हजेरी घेते आहे असं तिने कधी म्हटलं नाही आणि मला कळतंय हे मीही दाखवलं नाही. फेब्रुवारीत एक दिवस इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, माझ्या जुन्या खोलीत सकाळचं ऊन येतं ना. मी म्हटलं, येतं. मग मी होळीनंतर लगेच येते, असं म्हणून तिने फोन ठेवला. मी पार्कातल्या बाकावर बसले. दुबे भाभींना वाटलं मला चक्कर आली. कारण कळल्यावर त्या माझ्या गळ्यात पडल्या आणि मग आम्ही पोह्यांबरोबर जिलबीही खाल्ली.

बाळ

मुलगी झाली. ऋचासारखं नाक, आणि आवाज मात्र कुजबुजण्यातला नाही. मॅडमला पेढे द्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली की तान्ह्या बाळाला दिवसरात्र कळत नसते, त्याचं स्वतःचं मेलाटोनिन सुरू व्हायला काही महिने जातात, आणि आईच्या रात्रीच्या दुधातून थोडं त्याला मिळत असतं. यांना हे ऐकून फार बरं वाटलं. घरात आता आणखी एक बिघडलेलं घड्याळ आलं होतं.

मॅडमने मला मात्र बजावलं होतं, बाळ असो की आणखी काही, तुमची रात्र मोडायची नाही. म्हणून रात्री बाळ ऋचाजवळ आणि हाकेला हे, सकाळपासून सगळं माझ्याकडे, असं ठरलं. मला ते पटलं नव्हतं. आजी घरात असताना बाळंतीण रात्री जागते म्हणजे काय? बाळ फारच रडलं तर मला उठवायचंच, असं मी दोघांकडून कबूल करून घेतलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. मी नेहमीच्या वेळी उठले. तोंड धुऊन बाहेर आले तर बैठकीत हे सोफ्यावर, शर्टावर दुधाचे डाग, केस विस्कटलेले. ऋचा जमिनीवर बसून त्यांच्या गुडघ्याला टेकलेली, डोळे लाल. बाळ तिच्या मांडीवर अंग ताणून, आत्ता कुठे शांत झालेलं. बाळाचं पोट दुखत होतं, रात्रभर ते किंचाळत होतं, म्हणे. दुबे भाभीसुद्धा येऊन ओवा देऊन गेल्या होत्या.

 इतकं झालं आणि मी भिंतीपलीकडे झोपून होते. मला उठवलं का नाही, म्हणून मी यांच्यावरच घसरले. ऋचा म्हणाली, "बाबांना बोलू नकोस. मी आले होते उठवायला. दार उघडलं तर तू घोरत होतीस."

मी म्हटलं, मग हलवायचं ना मला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, मी लहानपणी कधीही उठले तरी तू आधीच उठलेली असायचीस. तुला नीट झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाळाला बाबांकडे दिलं आणि थोडा वेळ तुझ्याजवळ बसले मी."

 पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिले. ऋचा उठली, तिने बाळ माझ्या हातात दिलं, दुपटं नीट केलं, आणि एकदाही मागे वळून न बघता आपल्या खोलीत जाऊन झोपली.